दुधाच्या हिशोबाशेजारी

संध्याकाळचे साडेसहा. नऊ वर्षांचा मुलगा हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून गॅलरीत, गॅलरीतून पुन्हा हॉलमध्ये. जेवायला बसवलं तर दोन घास खातो आणि उठतो. आवडतं कार्टून लावलं तरी उभ्यानेच पाहतो, तेही एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत. बोलत नाही, त्यामुळे काय होतंय ते सांगता येत नाही. आईने हात धरून बसवायला गेलं की चावतो. आई म्हणते, "वाढलंय याचं." बाबा म्हणतात, "डॉक्टरांना सांगून गोळी वाढवून घेऊ." गोळी वाढते, आणि चकराही वाढतात.

ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरांत हे दृश्य नवं नाही. यात जिकडे कुणाचं लक्ष जात नाही ती गोष्ट एवढीच, की रिस्पेरिडोन ही गोळी सुरू होऊन दहा दिवस झाले होते आणि चकरा सहाव्या दिवशी सुरू झाल्या. मेंदूतल्या डोपामिनच्या कामात हात घालणाऱ्या या औषधांनी काही मुलांना आतून अशी तगमग सुरू होते की पाय एका जागी ठेवणं अशक्य होतं. वैद्यकात तिला अकथिझिया म्हणतात, म्हणजे बसता न येणं. मोठ्या माणसाला झालं तर तो सांगतो, "अंगात मुंग्या सोडल्यासारखं वाटतंय, बसवत नाही." न बोलणारं मूल ते चालून, चावून, डोकं आपटून सांगतं. आपण ते ऐकतो आणि म्हणतो, ऑटिझम आहे ना.

या सवयीचा अभ्यास झाला आहे. १९८२ मध्ये स्टीव्हन राइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की एखाद्या माणसाला बौद्धिक अक्षमता आहे असं कळलं, की त्याचा बाकीचा त्रास तज्ज्ञांनाही कमी दिसतो. मोठ्या निदानाची सावली छोट्यांवर पडते. ऑटिझमची सावली तर फारच लांब पडते. दाढ किडली तरी तो ऑटिझम, चार दिवस शौचाला झालेलं नसलं तरी ऑटिझम, औषध अंगावर आलं तरी ऑटिझम आणि फीट आली तरी ऑटिझम. या प्रकरणात शेवटच्या दोन गोष्टींबद्दल बोलू. त्या एकमेकींच्या वेशात येतात, म्हणून एकत्रच.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर गोळी नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रिस्पेरिडोनला २००६ मध्ये आणि अरिपिप्राझोलला २००९ मध्ये परवानगी दिली, ती ऑटिझमसोबत येणाऱ्या तीव्र चिडचिडीसाठी. आक्रस्ताळेपणा, मारणं, स्वतःला इजा करून घेणं यांसाठी. या गोळ्यांनी मूल बोलू लागेल अशी आशा कुणी दाखवली असेल तर ती सोडून द्यावी. पण ज्या घरात मुलाच्या कपाळावरची जखम भरू शकत नाही, कारण तो रोज तिथेच आपटून घेतो, त्या घरात ही औषधं मोठाच आधार देतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या चाचणीत १०१ मुलांपैकी निम्म्यांना आठ आठवडे रिस्पेरिडोन दिलं होतं. त्यांतली ६९ टक्के मुलं स्पष्ट सुधारली, नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्यांत १२ टक्के. त्याच चाचणीत औषध घेणाऱ्या मुलांचं वजन आठ आठवड्यांत सरासरी २.७ किलोंनी वाढलं, इतरांचं ०.८ किलोंनी. हे दोन्ही आकडे एकाच औषधाचे आहेत आणि ते एकत्रच लक्षात ठेवायचे.

वजन दिसतं तरी. शाळेच्या चड्डीचं इलॅस्टिक दोन महिन्यांत कमरेवर वळ उठवायला लागलं की कुणाच्याही ध्यानात येतं. मूल फ्रिजसमोर उभं राहून मागत राहतं तेही दिसतं. दिसत नाही ते वेगळंच. या औषधांपैकी काहींनी, विशेषतः रिस्पेरिडोनने, प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं. मुलग्यांची छाती सुजल्यासारखी होते, वयात आलेल्या मुलींची पाळी लांबते किंवा थांबते. बारा वर्षांच्या मुलाला रोज अंघोळ घालणारी आई हे पाहते, पण "जाड झालाय म्हणून असेल" असं म्हणून ओपीडीत सांगायचं राहून जातं. लाज हे न सांगण्याचं कारण असतं, हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. डॉक्टरांनीच विचारलं पाहिजे. ते विचारत नसतील तर तुम्ही सांगा. औषध सुरू करताना वजन, कंबरेचा घेर, साखर आणि चरबीची तपासणी होऊन पुन्हा तिसऱ्या महिन्याच्या आसपास व्हावी, हेही मागून घ्यायला हरकत नाही.

आता एक असं दृश्य, ज्यात आपले दोन्ही विषय समोरासमोर येतात. औषध सुरू होऊन दोन-तीन दिवस झालेत. अचानक मुलाची मान एका बाजूला खेचली जाते, जबडा वाकडा होतो, डोळे वर जाऊन तिथेच अडकतात. घरात कुणी म्हणतं, फीट आली. कुणी म्हणतं, बाहेरचं काहीतरी लागलं, आणि मीठ-मोहऱ्या उतरवायला घेतं. बऱ्याचदा दोन्ही चूक असतं. मूल शुद्धीवर आहे, रडतंय, आईचा पदर घट्ट धरून आहे, घाबरलंय. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल यांसारख्या औषधांनी स्नायू असे आखडतात, आणि उलटी थांबवायला दिलेल्या मेटोक्लोप्रामाइडनेही आखडतात. याला डिस्टोनिया म्हणतात. दवाखान्यात योग्य इंजेक्शन मिळालं की बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत मान सुटते, आणि आजीला वाटतं मिठामुळे उतरलं. असो. डॉक्टरांना मात्र हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढच्या कागदावर "फिट्सचा इतिहास" असं लिहिलं जातं आणि ते शब्द कागदावरून कधी उतरत नाहीत.

फिट्सची औषधं घेणाऱ्या मुलांचं गणित आणखी गुंतागुंतीचं, कारण त्यातली काही औषधं वागणूकच बदलतात. लेव्हेटिरासिटाम आज सर्रास दिलं जातं, ते चांगलं औषध आहे, पण काही मुलं त्याने इतकी चिडकी होतात की घरच्यांना वाटतं, मूल बदललं. जुन्या पिढीतलं फिनोबार्बिटोन मोठ्यांना झोपवतं आणि कित्येक लहानांना उलट भिंगरीसारखं फिरवतं. टोपिरामेटने तोंडावर आलेला शब्द सापडेनासा होतो. ज्या मुलाकडे मुळात चाळीस शब्द आहेत त्याचे दहा हरवले तर ते कोण मोजणार? त्याच औषधाने घामही कमी येतो. पुण्यात कदाचित निभावेल, पण मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला पारा ४५ अंशांच्या घरात गेल्यावर घाम न येणारं मूल भर दुपारी तापतं. अंग लाल, कोरडं आणि गरम, मूल मलूल: हा नुसता ताप समजून पॅरासिटामॉल देऊ नका. सावलीत न्या, ओल्या फडक्याने पुसा आणि दवाखाना गाठा.

काही खुणांसाठी तर पुढच्या भेटीची वाट पाहायची नसते. लॅमोट्रिजिन किंवा कार्बामॅझेपिन सुरू केल्यापासूनच्या पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ उठलं, आणि त्यातही ताप किंवा तोंडात, डोळ्यांत फोड असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर. "घामोळं असेल" म्हणून पावडर लावायची ही वेळ नव्हे. व्हॅल्प्रोएट घेणारं मूल वारंवार ओकतंय, गुंगीत आहे, पोट धरून बसलंय, तर यकृत किंवा स्वादुपिंड बिघडलंय का हे रक्त तपासूनच कळतं. रिस्पेरिडोनच्या वर्गातल्या औषधावर असताना अंग लाकडासारखं ताठ होऊन जोरात ताप चढला, तर थेट मोठं रुग्णालय.

आणि एक फसवी जागा घसा-खोकल्याच्या औषधांत असते. कार्बामॅझेपिन घेणाऱ्या मुलाला घशासाठी कुणी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन लिहून दिलं, की दोन-चार दिवसांत रक्तातलं कार्बामॅझेपिन चढतं. मूल झोकांड्या खातं, पेंगतं, एकाच्या दोन वस्तू दिसत असल्यासारखं एक डोळा मिटून पाहतं. म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांकडे जातानाही चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकायची. नाव आठवत नसेल तर निदान पाकीट बोलतं.

आता अंथरुणाकडे येऊ. पाच वर्षांचा झाल्यापासून कोरडा राहणारा मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करायला लागला. याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही खरे असू शकतात. रात्रीची रिस्पेरिडोन वाढवली त्याच आठवड्यात सुरू झालं, जवळजवळ रोज होतंय, सकाळी मूल नेहमीसारखं उठतंय, तर संशय गोळीवर. पण मधूनच एखाद्या रात्री होतंय, त्या सकाळी उशीवर लाळेत रक्ताचा डाग आहे, जिभेची कड चावलेली आहे, मूल उठवलं तरी उठत नाही आणि उठल्यावर दिवसभर लोळत राहतं, तर रात्री झोपेत झटका येऊन गेलेला असू शकतो. चादर धुवायला टाकण्याआधी उशीचा अभ्रा पाहावा.

ऑटिझम आणि अपस्मार यांचं नातं जवळचं आहे. सर्वसाधारण लोकांत अपस्मार शंभरात एखाद्याला असतो. ऑटिझम असलेल्यांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये जे विश्लेषण झालं, त्यात बौद्धिक अक्षमता सोबत असेल तर साधारण पाचांतल्या एकाला आणि नसेल तर शंभरांतल्या आठेकांना फिट्स आढळल्या. येण्याच्या दोन वेळा जास्त ठळक: पाच वर्षांच्या आत आणि मग वयात येताना. ही दुसरी वेळ पालक विसरतात. तेरा-चौदा वर्षांपर्यंत काही नव्हतं म्हणून निर्धास्त झालेल्या घरात पहिली फीट येते.

जमिनीवर पडून हातपाय झाडणारी फीट ओळखायला पुस्तक लागत नाही. चुकतात त्या शांत फिट्स. एक प्रकार असा: मूल पळतंय किंवा घास चावतंय आणि मध्येच दिवा घालवल्यासारखं थांबतं. पाच ते पंधरा सेकंद. पापण्या किंचित फडफडतात. मग घास जिथे राहिला तिथून चावणं सुरू. दुसरा प्रकार लांबतो, एक-दोन मिनिटं. नजर हरवते, ओठ चाटल्यासारखे हलतात, हात शर्टाची गुंडी चाचपत राहतो, नंतर मूल गोंधळलेलं, थकलेलं. तिसऱ्यात सकाळी उठल्या उठल्या खांद्याला हिसका बसतो आणि हातातला दुधाचा पेला उडतो. आई ओरडते, मुलाला कळतच नाही त्याने काय केलं.

आता अडचण ही, की ऑटिझम असलेलं मूल तसंही तंद्रीत जातं, हात झटकतं, डोळ्यांच्या कडेने दिवे पाहतं, गोल फिरतं. मग वेगळं ओळखायचं कसं? शंभर टक्के खात्रीची युक्ती नाही. पण काही गोष्टी फार उपयोगी पडतात. तंद्री लागलेल्या मुलाला हाक मारून उपयोग नसतो, तो एरवीही ओ देत नाही. खांद्यावर हलका हात ठेवा, किंवा त्याच्या लाडक्या चिप्सचं पाकीट कानाशी चुरचुरवा. सवयीतून लागलेली तंद्री बहुतेकदा तुटते, फिटची तुटत नाही. हात झटकणं आनंदात, कंटाळ्यात, गर्दीत येतं, त्याला संदर्भ असतो, आणि मूल ते करताना त्यात रमलेलं असतं. फिटला संदर्भ नसतो. ती जेवताना येते, खेळताना येते, मनासारखं चाललेलं असताना येते. दरवेळी जवळजवळ तशीच येते. आणि कधी कधी झोपेतही येते. हात झटकायची सवय गाढ झोपेत येत नाही.

सर्वांत नाजूक प्रकार तान्हेपणातला, ऑटिझमचं निदान व्हायच्याही आधीचा. १८४१ मध्ये इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या विल्यम जेम्स वेस्ट या डॉक्टरने 'लॅन्सेट' नियतकालिकाला पत्र लिहिलं. रुग्ण त्याचाच मुलगा होता, सुमारे वर्षाचा. चार महिन्यांचा असल्यापासून त्याची मान पुढे झुकायची, मग हे वाढत जाऊन डोकं गुडघ्यांपर्यंत येऊ लागलं. झुकायचं, सुटायचं, पुन्हा झुकायचं, ओळीने दहा-वीस वेळा. ज्या बड्या डॉक्टरकडे त्याने मुलाला नेलं त्याने या झटक्यांना 'सलाम' हे नाव ठेवलं, कारण बाळ वाकून मुजरा करतंय असं दिसायचं. त्या काळी जळवा लावल्या, अफूही देऊन पाहिली, गुण आला नाही. पण बापाने आपल्या मुलाकडे पाहून केलेलं ते वर्णन इतकं नेमकं होतं की पावणेदोनशे वर्षांनंतरही हा आजार वेस्ट सिंड्रोम म्हणूनच शिकवला जातो. त्याच्याकडे ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, नव्हता. माणसाच्या मेंदूचा पहिला ईईजी हान्स बर्गरने १९२४ मध्ये काढला.

आपल्याकडे असं वाकणारं बाळ "दचकतंय" किंवा "पोटात मुरडा आलाय" म्हणून ग्राइप वॉटरवर ठेवलं जातं. झोपेतून उठताना, ओळीने, एका लयीत झटके येत असतील तर पोट नव्हे, मेंदू पाहायचा, आणि तोही याच आठवड्यात. अशा बाळाच्या अंगावर जन्मापासून पानाच्या आकाराचे फिकट पांढरे डाग असतील तर तेही दाखवा. जंत झालेत किंवा कॅल्शियम कमी आहे असं शेजारी सांगतील. ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजाराची ती खूण असू शकते, आणि त्या आजारात फिट्स व ऑटिझम दोन्ही हातात हात घालून येतात. आणखी एक दुर्मीळ पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट: चांगलं बोलणारं तीन ते सात वर्षांचं मूल अचानक ऐकू येत नसल्यासारखं वागू लागलं आणि भाषा विसरू लागलं, तर झोपेतला ईईजी काढायला हवा. विल्यम लँडाऊ आणि फ्रँक क्लेफनर यांनी १९५७ मध्ये अशा मुलांचं वर्णन केलं. त्यांचा बिघाड झोपेत सर्वांत ठळक दिसतो.

ईईजीबद्दल मात्र दोन्ही बाजूंनी सावध राहा. तो अर्ध्या तासाचा तुकडा असतो. त्या अर्ध्या तासात मेंदू शांत होता म्हणजे फीट नाही, असं ठरत नाही. उलट, ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांच्या ईईजीत फीट न येताही काही लहरी वेड्यावाकड्या निघतात. नुसत्या कागदावरच्या लहरींसाठी वर्षानुवर्षं औषध द्यावं का, यावर दुसरं मत घेण्यात कमीपणा नाही. तपासणीचा दिवस हीच परीक्षा असते. केसांना तेल नको, रात्री जागवायचं, डोक्याला चिकट पेस्ट लावून वीसेक तारा चिकटवायच्या. डोक्याला हात लावू न देणाऱ्या मुलासाठी हे युद्धच. आठवडाभर आधीपासून रोज पाच मिनिटं घरी अंघोळीची टोपी घालून, बोटाने टाळूवर ठिपके देत सराव केला तर लढाई बरीच सोपी होते.

ईईजीपेक्षा अनेकदा खिशातला फोन जास्त सांगतो. व्हिडिओ काढताना दिवा लावा, पांघरूण काढा, चेहरा आणि दोन्ही हात चौकटीत येऊ द्या, आवाज चालू ठेवून मुलाला हाक मारा आणि हात लावा, म्हणजे प्रतिसादही टिपला जाईल. सगळं थांबल्यावरही एक मिनिट चालू ठेवा. सुरुवात कधीच सापडत नाही. ती तोंडी सांगायची, आधी कुठला हात, डोळे कुठल्या बाजूला.

मोठी फीट आली तर व्हिडिओचं काम दुसऱ्याकडे. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ द्या, घड्याळ पाहा. तोंडात चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांपैकी कशानेही फीट थांबत नाही. ती बहुतेकदा एक-दोन मिनिटांत आपली आपण थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं. पाच मिनिटं झाली किंवा शुद्ध न येता दुसरी सुरू झाली की १०८ ला फोन. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा लिहून दिला असेल, तर तो नुसता कपाटाच्या वरच्या फळीवर नको, मुलाच्या दप्तरातही हवा.

आणि औषध स्वतःहून एकदम बंद करू नये. त्रास नकोसा झाला तरीही. अंगावर पुरळ वगैरे आलं तर डॉक्टरांना विचारून त्याच तासाला बंद होईल. बाकीची पायरीपायरीने उतरवायची असतात. गणपतीला कोकणात गावी गेल्यावर तिसऱ्या दिवशी बाटली संपते, तालुक्याच्या दुकानात तीच कंपनी मिळत नाही, आरत्या-भजनांनी दोन रात्रींचं जागरण झालेलं असतं. चुकलेला डोस आणि मोडलेली झोप, दोन्ही एकदम. फीट यायला आणखी काय हवं? दुसऱ्या कंपनीचं सिरप घेताना मिली नव्हे, मिलिग्रॅम जुळवा. पाच मिलीमध्ये किती औषध आहे ते बाटलीगणिक बदलू शकतं. औषधाचा त्रास झाला असेल तर तो नोंदवायची सोयही देशात आहे, १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर, आणि ही तक्रार रुग्णाच्या घरचे लोकही करू शकतात.

राहिली वही. पालकांना वही ठेवा म्हटलं की चार दिवस ठेवतात. त्यापेक्षा स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर बरं. तिथे दुधाचा हिशोब, गॅसचा नंबर, भिशीची तारीख आधीच असते. त्याच चौकटीत एक अक्षर वाढलं म्हणून बिघडत नाही. गोळी बदलली की तिथे गोल. मग हवी ती अक्षरं: 'झो' म्हणजे झोप मोडली, 'शौ' म्हणजे शौचाला झालं, 'चा' म्हणजे चावला. गोल आणि अक्षरं यांतलं अंतर डोळ्यांनाच दिसतं. त्या पहिल्या घरातल्या आईने असं कॅलेंडर ठेवलं असतं, तर सहाव्या दिवसाच्या चकरा दहाव्या दिवशी बोलल्या असत्या.

अकरा वर्षांच्या एका मुलीची आई असंच कॅलेंडर पिशवीत घालून तपासणीला आली. मुलगी लेव्हेटिरासिटामवर होती, वर्षभर सगळं ठीक होतं, आणि दोन महिन्यांपासून तंद्रीच्या फिट्स परत आल्या होत्या. डोस वाढवायची चिठ्ठी जवळजवळ लिहून झाली होती. डॉक्टरांनी पानं उलटली. 'तं' ही अक्षरं सलग नव्हती, झुबक्यांनी होती, चार-चार दिवसांची, आणि प्रत्येक झुबक्याशेजारी 'आ' लिहिलेलं होतं.

"हे 'आ' काय आहे?"

"ते औषधाचं नाही," आई म्हणाली. "सासूबाई येतात ना राहायला, आजी. दुधाचं माप वाढवावं लागतं म्हणून."

"त्या आल्या की औषध कोण देतं?"

आजींनीच उत्तर दिलं. त्याही आल्या होत्या, बाकाच्या टोकाला बसल्या होत्या. सिरप कडू असतं, पोरगी तोंड वाकडं करते, म्हणून त्या ते पेलाभर दुधात ढवळून द्यायच्या. पोरगी दूध प्यायची.

"सगळं?"

"अर्धं ठेवते ती नेहमीच," आजी म्हणाल्या. "मोरीत ओतते मी."